घरच्या दुरुस्तीनंतर मोटारसायकलचा ब्रेक धरून का राहतो?

खेडोपाडी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचविणे, तालुक्याच्या गावाहून बियाणे अगर फवारणीचे औषध आणणे, मुलांना शाळेत सोडणे, आजाऱ्यास दवाखान्यात नेणे, ही सर्व कामे तिच्यावरच होतात. साहजिकच चेन ताणणे, ब्रेक जुळविणे, लायनर बदलणे अशी किरकोळ कामे पुष्कळ शेतकरी घरच्या अंगणातच उरकतात. त्यात गैर असे काही नाही. पैसा व वेळ वाचतो, आणि आपले वाहन आपल्या हाताखालचे होते. परंतु अशा दुरुस्तीनंतर एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी जड चालते, उतारावर सोडली तरी मोकळी धावत नाही, पेट्रोल अधिक लागते, आणि पाचसहा किलोमीटर गेल्यावर चाकापाशी जळका वास येतो. ब्रेक सोडला तरी तो सुटत नाही, धरून राहतो.

असे का होते, दोष कोणत्या क्रमाने शोधावा, आणि कोणते काम घरी करावे व कोणते करू नये, ह्याची माहिती ह्या लेखात दिली आहे.

धरून राहणारा ब्रेक म्हणजे पक्का ब्रेक नव्हे

ब्रेक थोडा घट्ट राहिला तर बरेच, वेळेवर चांगला लागेल, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे व ती जिवावर बेतू शकते. गाडीच्या वेगात जी शक्ती साठलेली असते तिचे उष्णतेत रूपांतर करणे हे ब्रेकचे काम होय. गाडी व चालक मिळून २०० किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते एकदा पूर्ण थांबविताना जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे लहान पेलाभर पाण्याला उकळी आणता येईल. एकदा थांबल्यावर ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. परंतु ब्रेक सतत घासत राहिला तर उष्णता निघून जाण्यास अवसरच मिळत नाही, आणि ती साचत जाते.

ड्रम ब्रेकमध्ये अशा वेळी ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर सरतो. लायनरचीही पकड तापल्यामुळे कमी होते. डिस्क ब्रेकमध्ये ब्रेक ऑईल तापते. त्यात ओलावा मुरलेला असल्यास ते लवकर उकळते, त्याची वाफ होते आणि मुठीवरील दांडी एकाएकी मऊ पडते. सारांश, जो ब्रेक वाटभर विनाकारण लागून राहिला, तोच घाटाच्या उतारावर ऐन गरजेच्या वेळी लागत नाही. कधी ह्याच्या उलटही घडते. ब्रेक अधिकाधिक आवळत जातो व चाक चालत्या गाडीत जाम होते. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक असे जाम झाल्यास गाडी सावरणे जवळजवळ अशक्य असते.

दोष ओळखण्याची रीत

प्रथम गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे व गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. चेनमुळे मागच्या चाकास थोडा अडथळा नेहमीच असतो, व तो दोष नव्हे. पुढच्या चाकासाठी पुढील बाजू कोणाकडून तरी उचलून धरवावी. चाक फिरविल्यावर दोनतीन फेरे सहज गेले तर ब्रेक मोकळा आहे. डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कला किंचित स्पर्श करीतच असतात. त्यामुळे हलका ‘सर्र’ आवाज येणे स्वाभाविक आहे. हात सोडताच चाक थांबत असेल, तर मात्र दोष आहे असे समजावे.

चाक थंड असतानाच धरते, की काही अंतर चालल्यावर धरते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. थंड असतानाच धरत असेल तर जुळवणीत अगर बसवणीत चूक असण्याचा संभव अधिक. थंडपणी मोकळे व तापल्यावर धरणारे चाक असेल, तर फट फार कमी ठेवली आहे, किंवा डिस्क ब्रेकमध्ये तापलेल्या ऑईलला परत जाण्यास वाट नाही, असे समजावे. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकून ‘खर्र’ असा आवाज येत असेल, तर ड्रमचा गोलवा बिघडला आहे, डिस्क वाकली आहे किंवा चाक सरळ बसलेले नाही.

गाडी चालवून आल्यावर ड्रम अगर डिस्क तापली आहे का हे हात लावून पाहू नये, कातडी भाजते. बोटाने पाण्याचे दोन थेंब ड्रमवर शिंपडावेत. ते चरचरून उडाले तर ब्रेक वाटभर घासत होता हे निश्चित.

शेवटचा हात कोठे लागला होता?

दोष शोधताना एक नियम सदैव ध्यानी ठेवावा. जी गाडी कालपर्यंत मोकळी चालत होती व दुरुस्तीनंतर धरू लागली, तिचा दोष बहुधा आपण ज्या भागाला शेवटचा हात लावला तेथेच असतो. म्हणून साऱ्या गाडीची मोडतोड न करता आपण काय काय सोडले, काय बदलले व काय आवळले ते क्रमाने आठवावे आणि तेथूनच मागे यावे. कामाच्या वेळी काढलेले नट, बुश व वायसर एका फडक्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवण्याची सवय असेल, तर हे आठवणे सोपे जाते.

ड्रम ब्रेक: नेहमीची कारणे

१. चेन ताणल्यानंतर ब्रेक न जुळविणे. हे सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. चेन ताणताना मागचे चाक मागे सरकते. चाकाबरोबर ब्रेक प्लेट व तिच्यावरील ब्रेकची भुजाही मागे जाते. पायाच्या पेडलपासून येणाऱ्या रॉडची लांबी मात्र तेवढीच राहते. परिणामी रॉड त्या भुजेला ओढून धरतो, म्हणजे पेडलवर पाय नसतानाही ब्रेक लागतो. ब्रेकला आपण हातही लावला नाही, मग तो कसा बिघडला, असा प्रश्न शेतकऱ्यास पडतो. त्याचे उत्तर हे आहे. यास्तव चेन ताणली की ब्रेक पुन्हा जुळविलाच पाहिजे.

जुळविण्याची रीत अशी: रॉडच्या टोकाचा नट आधी पुरेसा सैल करावा. नंतर चाक हाताने फिरवीत नट अर्धा अर्धा फेरा आवळत जावे. लायनर घासू लागल्याचा आवाज येताच थांबावे व चाक पुन्हा मोकळे फिरेपर्यंत नट मागे घ्यावा. पेडल दोनतीन वेळा जोराने दाबून पुन्हा तपासावे. ब्रेक लागण्यापूर्वी पेडलची मोकळी चाल बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच ठेवतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण मानावा. नटाला जी खाच असते ती भुजेच्या पिनेवर नीट बसली पाहिजे. खाच आडवी राहिली तर पहिल्याच दाबात नट फिरून बसतो व जुळवणी बदलते. शेवटी एका माणसास गाडीवर बसवून चाक पुन्हा फिरवून पाहावे, कारण वजनाने गाडीचा मागचा भाग खाली बसतो व काही गाड्यांत त्यामुळे रॉड ताणला जातो. रिकाम्या गाडीत मोकळा असलेला ब्रेक दुधाचे कॅन लादताच धरू लागतो, त्याचे कारण हेच.

२. नवे लायनर बसविल्यावर रॉड सैल न करणे. झिजलेल्या लायनरशी जुळविलेला रॉड नव्या जाड लायनरला फार तंग होतो. म्हणून चाक बसविण्यापूर्वीच नट मागे घ्यावा. जुन्या ड्रमच्या काठाशी झिजेमुळे कडा तयार झालेली असते. नवा लायनर त्या कडेवर अडकूनही घासतो. अशा ड्रमचा आतील व्यास कारागिराकडून मोजून घ्यावा. अनेक ड्रमांवर झिजेची कमाल मर्यादा कोरलेली असते. ती ओलांडली असल्यास ड्रम बदलणेच इष्ट.

३. कॅम कोरडा पडणे अगर चुकीचा बसणे. भुजा ओढली की तिचा कॅम फिरतो व दोन्ही ब्रेक शू ड्रमवर दाबतो. पाय काढताच स्प्रिंगांनी शू व कॅम परत आणावयाचे असतात. कॅमच्या दांड्यात चिखल व गंज साठला, अगर स्प्रिंग सैल पडली, तर तो परतत नाही. ह्याची परीक्षा सोपी आहे. रॉड भुजेतून सोडवावा. चाक लगेच मोकळे झाले तर दोष जुळवणीत आहे. न झाले तर भुजा हाताने मागे ढकलून पाहावी. तेव्हा ती सरकली व चाक सुटले, तर कॅम कोरडा आहे किंवा स्प्रिंग दुबळी आहे. तरीही सुटले नाही तर चाक काढून आतच पाहावे लागेल. कॅमचा दांडा साफ करून त्यास अगदी थोडे, उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. जास्त लावलेले ग्रीस तापून लायनरवर उतरते.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. लायनर झिजल्यावर काही जण भुजा काढून ती दांड्यावर एकदोन दाते पुढे बसवितात व जुनेच लायनर आणखी काही दिवस वापरतात. हे कदापि करू नये. झिजलेल्या लायनरमुळे कॅमला मर्यादेपलीकडे फिरावे लागते, आणि एखाद्या जोराच्या दाबात तो उलटून तसाच अडकतो. त्यासरशी चालत्या गाडीचे चाक जाम होते. पुष्कळ गाड्यांत भुजेवर बाण व प्लेटवर खूण असते. पूर्ण ब्रेक दाबल्यावर बाण खुणेस टेकला म्हणजे शू बदलण्याची वेळ झाली. शू नेहमी जोडीनेच बदलावेत.

४. चाक व ब्रेक प्लेट सरळ न बसणे. एक्सलचा नट आवळताना शू ड्रमच्या मध्यावर असावेत म्हणून पेडल दाबून धरावे व मगच नट पूर्ण आवळावा. दोन्ही बाजूंची चेन जुळविण्याची खूण सारखी असावी, नाही तर चाक तिरपे राहते. बुश उलटसुलट बसला अगर राहून गेला, तर ब्रेक निर्दोष असूनही चाक जड फिरते. रॉड सोडवून, भुजा मागे लोटूनही चाक जड असेल, तर बुश, बेअरिंग व फार ताणलेली चेन ह्यांकडे लक्ष द्यावे. ब्रेक प्लेटला फिरू न देणारी जी पट्टी असते तिचा नट व पिन बसविण्यास विसरणे हा तर प्राणघातक प्रमाद होय. पट्टी सुटल्यास ब्रेक लागताच प्लेट चाकाबरोबर फिरते.

५. डिझेल, ग्रीस व धूळ. डिझेलने गाडी धुण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. डिझेल ड्रममध्ये शिरले की लायनर कधी घसरतो, तर कधी एकदम पकडतो. तेल मुरलेला लायनर घासून पूर्ववत होत नाही, तो बदलावा. ड्रममधील भुकटी तोंडाने अगर हवेने फुंकून काढू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे व ते फडके टाकून द्यावे.

डिस्क ब्रेक: येथील कारणे निराळी

डिस्क ब्रेकमध्ये रॉड व स्प्रिंग नसतात. दांडी दाबल्यावर ब्रेक ऑईलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे येतो व पॅड डिस्कवर दाबले जातात. दांडी सोडल्यावर पिस्टनला मागे आणण्याचे काम त्याच्या भोवतीचे चौकोनी कडेचे रबरी सील करते. पिस्टन पुढे जाताना हे सील किंचित पिळले जाते, व दाब जाताच पूर्वस्थितीस येऊन पिस्टनला केसभर मागे खेचते. हे केसभर अंतर हाच डिस्क ब्रेकचा सारा मोकळेपणा होय. म्हणून थोडी घाण किंवा किंचित फुगलेले सील एवढ्यानेही ब्रेक धरून राहतो.

पॅड बदलताना झिजलेल्या पॅडमुळे बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याच्या उघड्या भागावरील चिखल व गंज न पुसता तो तसाच आत ढकलला, तर सील खराब होते व पिस्टन अडकतो. ढकलण्यापूर्वी तो ब्रेक ऑईलमध्ये भिजविलेल्या फडक्याने स्वच्छ पुसावा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडल्यास एकच पॅड घासत राहतो. एका बाजूचा पॅड अधिक झिजलेला दिसणे ही त्याची खूण. ह्या पिनांना रबरास न बाधणारे, गाडीच्या कंपनीने सांगितलेले ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते व पिन उलट अधिकच अडकते.

दुसरे कारण ऑईलच्या टाकीत आढळते. पॅड झिजत जातात तसतशी टाकीतील पातळी उतरते. ती पाहून कोणी टाकी काठोकाठ भरतो. नवे पॅड घालताना पिस्टन मागे गेला की तेवढे ऑईल टाकीत परत येते व तेथे जागाच उरत नाही. मग चालताना तापून फुगलेले ऑईल ब्रेकवरच दाब ठेवते. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे कधीही नसावी.

तिसरे कारण दांडीपाशी असते. दांडीची पिन कोरडी असली, किंवा बदललेली दांडी मास्टर सिलिंडरचा पिस्टन सतत थोडा दाबून ठेवीत असली, तर ऑईल टाकीकडे परतण्याचे बारीक छिद्र झाकले जाते. प्रत्येक दाबाबरोबर दाब साठत जातो व शेवटी चाक जाम होते. दांडीला किंचित मोकळी चाल असलीच पाहिजे.

दोष वरच्या बाजूस आहे की कॅलिपरमध्ये, हे कारागीर पुढील रीतीने ठरवितात. चाक धरलेले असताना कॅलिपरवरील हवा काढण्याचा निपल क्षणभर सैल करतात. ऑईलची चिळकांडी उडून चाक सुटले, तर दाब वर, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये अगर आतून सुजलेल्या पाइपमध्ये अडकलेला आहे. चाक सुटले नाही, तर पिस्टन अथवा पिना अडकल्या आहेत. ह्या परीक्षेनंतर हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येत नाही. म्हणून ज्यास हवा काढण्याचे काम पक्के अवगत नाही त्याने ही परीक्षा घरी करू नये.

ब्रेक ऑईल म्हणजे इंजिन ऑईल नव्हे. टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलेला असेल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, तोच वापरावा. चुकून इंजिन ऑईल पडले तर आतील सर्व रबरी भाग फुगतात व ते सर्व बदलावे लागतात. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. हे ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून उघड्या डब्यातील जुने ऑईल वापरू नये व टाकीतील ऑईल साधारणतः दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांपैकी १२५ सी. सी. पर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी किंवा चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्यावरील गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. जोडब्रेकच्या गाडीत पेडल दाबले की पुढचाही ब्रेक लागतो. तेथे मागचा ब्रेक जुळविल्यानंतर पुढचे चाकही फिरवून पाहावे.

वाटेत ब्रेक धरल्यास

गाडी जड वाटू लागताच ती रस्त्याच्या कडेस घ्यावी व थंड होऊ द्यावी. तापलेल्या ड्रमवर अगर डिस्कवर पाणी ओतू नये. धातू वाकण्याचा अगर तडकण्याचा संभव असतो. ड्रम ब्रेक असल्यास नट काही फेरे सैल करून, पेडल लागते आहे ना हे पाहून, सावकाश घर गाठावे. पुढचा डिस्क ब्रेक थंड झाल्यावरही सुटत नसेल, तर गाडी दुसऱ्या वाहनात घालून न्यावी. दुधाची एक वेळ चुकली तर नुकसान थोडे. चाक जाम झाले तर ते भरून येणारे नसते.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

काम संपल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नये. पॅड बदलले असल्यास दांडी घट्ट लागेपर्यंत अनेक वेळा दाबावी, कारण पहिल्या दाबात ब्रेक मुळीच लागत नाही. दोन्ही चाके फिरवून पाहावीत. एक्सलचा नट, पट्टीचा नट व पिन हातानेच नव्हे, तर पान्याने तपासावी. मागचा दिवा वेळेवर लागतो व विझतो हे पाहावे. मग मोकळ्या जागेत हळू चालवून दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे लावून पाहावेत. एकदोन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून जावे आणि परत आल्यावर पाण्याच्या थेंबांची परीक्षा करावी. थेंब शांतपणे ओघळले म्हणजे काम नीट झाले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एखादी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चेन ताणल्यावर ब्रेक कसा धरतो, हे लोकांस प्रत्यक्ष दाखवावे. चाक मोकळे फिरते; चेन ताणताच तेच चाक अडते; आणि रॉडचा नट थोडा मागे घेताच ते पुन्हा फिरू लागते. पाच मिनिटांचे हे प्रात्यक्षिक एकदा ज्याने पाहिले तो चेनला पाना लावल्यावर ब्रेक तपासण्यास सहसा विसरणार नाही.